‘शिक्षण म्हणजे जीवन’ की ‘जीवन हेच शिक्षण’?

प्रश्न असा: शिक्षणशास्त्राच्या टिपणांत अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांच्या नावावर कधी ‘शिक्षण म्हणजे जीवन’, कधी ‘जीवन हेच शिक्षण’, तर कधी ‘शिक्षण हेच जीवन’ असे छापलेले दिसते. तिन्ही चालतील का?

नाही. ड्यूईंचे म्हणता येईल ते पहिलेच, आणि तेही अपुरे. त्यांच्या 1897च्या निवेदनाचा आशय असा, की शिक्षण ही जगण्याची प्रक्रिया आहे, पुढे जगण्यासाठीची तयारी नव्हे. रोख शाळेवर आहे: आयुष्य शाळेत आणा.

‘जीवन हेच शिक्षण’ हे चीनचे शिक्षणतज्ज्ञ ताओ शिंगजी यांचे. (यातला ‘जी’ आदराचा नव्हे, नावाचाच.) ते कोलंबिया विद्यापीठात ड्यूईंचे विद्यार्थी होते. पुढे 1919 ते 1921 ड्यूई स्वतः चीनमध्ये व्याख्याने देत फिरले. त्यांच्या सूत्राला आपण अर्धी कोलांटी दिली, असे ताओ स्वतःच सांगत. त्यांचा आक्षेप होता की, आयुष्य शाळेत आणणे म्हणजे उडता पक्षी पिंजऱ्यात कोंडून आत एक-दोन फांद्या ठेवणे. म्हणून ड्यूईंचे ‘शाळा हाच समाज’ हे सूत्रही उलटवून त्यांनी ‘समाज हीच शाळा’ केले. 1927मध्ये नानजिंगजवळ श्याओजुआंगला त्यांनी ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढले. तिथल्या प्रवेश परीक्षेत निबंधाबरोबर अंगमेहनतीचे कामही होते.

ही उलटापालट फक्त ड्यूईंपुरती नव्हती. कन्फ्यूशियन परंपरेतले वांग यांगमिंग (1472–1529) म्हणत, ज्ञान ही कृतीची सुरुवात आणि कृती ही ज्ञानाची पूर्तता. त्यावरून ताओंनी ‘जीशिंग’, म्हणजे ज्ञान-कृती, हे नाव घेतले होते. पुढे त्यांना पटले की आधी कृती, मग ज्ञान. आणि 1934मध्ये ते ‘शिंगजी’ झाले. पटलेल्या विचारासाठी स्वतःच्या नावाचा क्रम फिरवणारा माणूस विरळाच. त्यामुळे त्यांना ‘चीनचे ड्यूई’ म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. त्यांनी गुरू आणि परंपरा दोघांशीही वाद घातला.

आता मराठीचे. ‘हेच’मधला ‘च’ आधीच्या शब्दावर जोर देतो. ‘जीवन हेच शिक्षण’ म्हटले की शिकवणारे खुद्द जीवन ठरते. ताओंना तेच म्हणायचे आहे. ‘शिक्षण हेच जीवन’ म्हटले की शिक्षणाखेरीज दुसरे जगणेच नाही असा अर्थ निघतो, आणि तो दोघांच्याही पदरी घालता येत नाही. घोषवाक्याच्या हौसेने ‘म्हणजे’च्या जागी ‘हेच’ येते, तिथे ही गफलत होते.

ड्यूईंसाठी ‘शिक्षण ही जगण्याचीच प्रक्रिया’ असे लिहावे. तिथला ‘च’ योग्य जागी आहे. जुन्या पुस्तकांत ‘ताओ शिंग-चिह’ असे नाव सापडले, तर तो वेगळा माणूस समजू नये. फरक फक्त रोमन लिप्यंतराच्या पद्धतीचा आहे.