बाळ भुकेलं होतं, एवढंच

ताई, माझं बाळ चार महिन्यांचं आहे. दवाखान्यात नंबराची वाट बघताना ते रडायला लागलं, म्हणून ओढणी घेऊन तिथेच अंगावर घेतलं. समोरच्या बाई म्हणाल्या, "बाथरूममध्ये जायचं ना!" मी घाबरून त्याला मध्येच सोडवलं. ते किंचाळत राहिलं. घरी नणंद म्हणाली, बाहेर जाताना बाटली घेत जा. पाजतानाचा एक फोटो फेसबुकवर टाकला होता, तोही तिने काढायला लावला. माझं चुकलं का?
– एक आई

प्रिय मैत्रिणी,

नाही. तुझं काहीही चुकलं नाही.

"मध्येच सोडवलं" हे वाचून माझ्या पोटात तुटलं. पान्हा फुटलेला, बाळ घटाघटा पितंय, आणि त्याच्या ओठांत करंगळी सारून त्याला बाजूला करायचं! कुठल्या जिवावर ते केलंस, हे पाजलेल्या प्रत्येकीला कळेल.

त्या बाईंचा राग आला तर येऊ दे. पण ही नजर त्यांना शिकवली कुणी? बाईची छाती साबणापासून गाडीपर्यंत काहीही विकायला चालते, तेव्हा कुणी मान फिरवत नाही. पडद्यावर पाजणारी आई मात्र पाठमोरी तरी असते, नाहीतर थेट देवी. दुधाने ओला झालेला ब्लाउज, एका हाताने बाळ सावरत दुसऱ्याने हूक शोधणारी बाई कधी दिसतच नाही. मग ती समोर येऊन बसली की लोक दचकतात.

दाखवायचं ठरवलं तरी माध्यमं खळबळच शोधतात. २०१२ मध्ये 'टाइम'च्या मुखपृष्ठावर जवळजवळ चार वर्षांचा मुलगा खुर्चीवर उभा राहून दूध पीत होता आणि आई कॅमेऱ्याकडे रोखून बघत होती. असं कोण पाजतं? २०१८ मध्ये 'गृहलक्ष्मी' या मल्याळम मासिकाने 'रोखून बघू नका' असं सांगणारं मुखपृष्ठ केलं. हेतू चांगला होता, केरळ उच्च न्यायालयालाही त्यात अश्लील काही दिसलं नाही. पण त्यावर मॉडेल होती. खरी आई हवी होती, असं मला आजही वाटतं.

म्हणून मला ऑस्ट्रेलियाच्या खासदार लॅरिसा वॉटर्स आठवतात. २०१७ मध्ये त्यांनी सभागृहातच लेकीला पाजलं, आणि महिन्याभराने तिला पाजता पाजताच खाणकामगारांच्या फुप्फुसाच्या आजारावर ठराव मांडला. बाळ आणि काम, दोन्ही चालू.

आता बाटली. तब्येतीमुळे, नोकरीमुळे कुणी देत असेल तर त्यात कमीपणा नाही. लोकांच्या नजरेपायी मात्र देऊ नकोस. बाळ जितकं ओढतं तितकं दूध तयार होतं. पाजायच्या वेळा चुकत गेल्या की दूध दाटतं, गाठी येतात, मग हळूहळू कमी होतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्या, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या सहा महिन्यांत आईने घराबाहेर पडूच नये की काय?

एक करून बघ. रडणं ही भुकेची उशिराची खूण. त्याआधी बाळ मूठ चोखतं, तोंड वळवून शोधू लागतं. तेव्हाच जवळ घेतलंस तर ते शांतपणे पिईल, तुझेही हात थरथरणार नाहीत. घरी आरशासमोर बसून ओढणी बसवून बघ, म्हणजे किती थोडं दिसतं ते तुलाच कळेल. बाथरूममध्ये मात्र जाऊ नकोस. तिथे बसून आपण घासभर तरी खाऊ का? कुणी बोललंच तर "बाळ जेवतंय" म्हण आणि नजर बाळाकडे वळव.

फोटो तुझा आहे, ठेवायचा की नाही ते तूच ठरव. एके काळी फेसबुक असे फोटो काढून टाकायचं. २००८ मध्ये आयांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. आज तिथल्या नियमांत पाजतानाचे फोटो चालतात.

आणि पत्रात नवऱ्याचा उल्लेख कुठेच नाही. पुढच्या वेळी दवाखान्यात तो शेजारच्या खुर्चीवर असू दे. कुणी काही म्हणालं तर उत्तर त्याने द्यावं. बहिणीशीही त्यानेच बोलावं.

तुझी,
ताई