वाचकांचे प्रश्न : ईशान्येच्या डोंगरांत मिशन कसे रुजले?

मेघालय, मिझोरम आणि नागालँड येथील ख्रिस्ती मिशनच्या कामाविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत. काही पत्रांचा सूर कौतुकाचा होता, तर काहींचा संतापाचा. दोन्हीकडची विशेषणे गाळून प्रश्न तेवढे ठेवले आहेत.

प्रश्न : मूठभर परदेशी मिशनऱ्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांत एवढा मोठा डोंगरी समाज ख्रिस्ती कसा केला?

उत्तर : मूठभर परदेशी माणसांनी हे केलेच नाही, आणि त्यांच्या सुरुवातीच्या वर्षांचा हिशेब पाहिला तर हे कधी घडेल असे तेव्हा कोणाला वाटलेही नसते. खासी टेकड्यांच्या पायथ्याशी बंगालमधील सेरामपूरच्या बॅप्टिस्ट (एक प्रॉटेस्टंट पंथ) मिशनने १८१३ मध्ये कृष्णचंद्र पाल या बंगाली प्रचारकाला पाठवले होते. पुढे त्याच मिशनने चेरापुंजीत शाळाही चालवली, पण काही वर्षांत ते काम थांबले. २२ जून १८४१ रोजी वेल्समधून थॉमस जोन्स चेरापुंजीला पोहोचला. त्याने खासी भाषेसाठी बंगाली लिपीऐवजी रोमन लिपी घेतली आणि त्या लिपीत वाचायला शिकवणारी पहिली पुस्तके तयार केली. तरीही पहिले बाप्तिस्मे (ख्रिस्ती धर्मात प्रवेशाचा विधी) व्हायला १८४६ साल उजाडावे लागले. मिझो टेकड्यांतली कथा याहून बोलकी आहे. लॉरेन आणि सॅव्हिज हे दोघे इंग्रज ११ जानेवारी १८९४ रोजी साइरांगला उतरले. त्यांनी मिझो भाषेची वर्णमाला सिद्ध केली, शाळा उघडली, शब्दकोशाची सिद्धता केली, बायबलमधील लूक व योहान यांची शुभवर्तमाने आणि प्रेषितांची कृत्ये भाषांतरित केली, आणि १८९७ च्या अखेरीस एकही बाप्तिस्मा न देता ते निघून गेले. खुमा आणि खारा या पहिल्या दोन मिझोंचा बाप्तिस्मा १८९९ मध्ये झाला, तेव्हा तेथे वेल्श मिशनचे डी. ई. जोन्स आले होते.

आओ नागांच्या टेकड्यांत तर आधी कोणी गोरा गेलाच नाही. शिबसागरला असलेले अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी ई. डब्ल्यू. क्लार्क यांचे सहकारी गोधुला ब्राउन हे आसामी प्रचारक १८७१ मध्ये मोलुंगकिमोंग गावी गेले. गावकऱ्यांनी त्यांना ब्रिटिशांचा हेर समजून नजरकैदेत ठेवले, परंतु त्यांच्या गाण्यांनी आणि वागण्याने संशय हळूहळू निवळला. १८७२ मध्ये नऊ आओंचा बाप्तिस्मा झाला. क्लार्क स्वतः १८७६ मध्ये तेथे राहायला गेले, तेव्हा तो भाग ब्रिटिश हद्दीच्या बाहेर होता.

यापुढचा खरा प्रसार गावोगावच्या खासी, मिझो आणि नागा शिक्षकांनी व प्रचारकांनी केला. ही माणसे त्याच भाषेत बोलत, गावातल्याच घरात उतरत आणि नात्यागोत्याच्या वाटेने पुढच्या गावी जात. याला दोन मोठ्या बदलांची जोड मिळाली. एक म्हणजे १८८९-९० च्या लष्करी मोहिमेनंतर मिझो टेकड्या ब्रिटिश अमलाखाली आल्या, छापे आणि लढाया थांबल्या, आणि शूर शिकारी व योद्धा यांच्याभोवती उभी असलेली प्रतिष्ठेची जुनी शिडी डळमळली. अशा वेळी वाचता येणे ही नवी प्रतिष्ठा ठरली, आणि वाचायचे कुठे तर मिशनच्या शाळेत. दुसरा बदल घरातला होता. जुन्या समजुतीनुसार आजारपण म्हणजे दुष्टात्म्याचा कोप, आणि उपाय म्हणजे कोंबडे, डुक्कर किंवा मिथुन (तेथले गव्यासारखे जनावर) यांचा बळी. लांबलेले आजारपण घर धुऊन नेत असे. त्या भीतीतून आणि खर्चातून सुटका हे अनेकांनी धर्मांतराचे कारण म्हणून सांगितले आहे, आणि ते मला शाळेपेक्षाही महत्त्वाचे वाटते. वेल्समधील धार्मिक जागृतीची लाट १९०५ मध्ये खासी टेकड्यांत आणि १९०६ मध्ये मिझो टेकड्यांत पोहोचली. (त्याच वर्षी, म्हणजे १९०५ मध्ये, आपल्याकडे केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्येही अशीच लाट उसळली होती.) या लाटांनंतर आकडे झपाट्याने वाढले. २०११ च्या जनगणनेत ख्रिस्ती लोकांचे प्रमाण नागालँडमध्ये ८७.९३ टक्के, मिझोरममध्ये ८७.१६ टक्के आणि मेघालयात ७४.५९ टक्के होते.

प्रश्न : मिशनऱ्यांनी आदिवासींची संस्कृती नष्ट केली, हा आरोप कितपत खरा आहे?

उत्तर : आरोपाचा मोठा भाग खरा आहे आणि तो आजचा नाही. नागा टेकड्यांतील ब्रिटिश अधिकारी हटन आणि मिल्स हे स्वतः नागा जीवनाचे अभ्यासक होते, आणि त्यांनीच अमेरिकन बॅप्टिस्टांवर कडक टीका केली. बॅप्टिस्ट शिस्तीत तांदळाच्या बिअरला बंदी होती, आणि त्या बिअरशिवाय गावजेवण घालून मान मिळवण्याचे समारंभ होऊच शकत नव्हते. त्यामुळे पेयाबरोबर समारंभ गेले, समारंभाबरोबर त्यांतली गाणी, नाच आणि दागिने घालण्याचे अधिकारही गेले. तरुण मुले ज्या सामुदायिक घरांत राहून शिकत, ती मोरुंगही ओस पडली. त्या शिस्तीची पकड किती खोल गेली हे पाहायचे असेल तर नागालँडचा १९८९ चा संपूर्ण दारूबंदी कायदा पाहावा. तो कोणा परदेशी मिशनऱ्याने केलेला नाही.

मात्र या आरोपात डोंगरी माणूस केवळ सोसणारा दिसतो, आणि तेथे तो अपुरा पडतो. मिझो गावातील तरुणांचे सामुदायिक घर, झोलबुक, मोडकळीस आले तेव्हा एका ब्रिटिश अधिकाऱ्याने १९२० च्या दशकात ते पुन्हा बांधण्याचा आदेश काढला. लोकांचे मन त्यात राहिले नव्हते, मुले शाळेत जात होती, आणि अखेर १९३८ मध्ये ती संस्था बंद करण्यात आली. उलट बाजूचे उदाहरण ढोलाचे आहे. मिझोंचा खुआंग हा ढोल जुन्या उत्सवांशी आणि मद्यपानाशी जोडलेला असल्याने उपासनेत वर्ज्य होता. १९१९ च्या जागृतीनंतर लोकांनी तो आपणहून चर्चमध्ये आणला, आणि त्याच्या ठेक्यावर मिझो कवींनी रचलेली भक्तिगीते एकत्र बसून गाण्याची नवी रीत पडली. ही गीते वेल्श भजनांच्या चालीवर नाहीत आणि जुन्या मिझो गाण्यांच्याही नाहीत. खासींमध्ये वंश आईकडून चालतो आणि घर व वडिलार्जित मालमत्ता धाकट्या मुलीकडे जाते. ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांनीही ही पद्धत टाकली नाही.

विरोधही आतूनच उभा राहिला. २३ नोव्हेंबर १८९९ रोजी सोळा खासी तरुणांनी ‘सेंग खासी’ ही संघटना स्थापन केली. पूर्वजांचा धर्म, नृत्ये आणि सण टिकवणे हा तिचा हेतू होता, आणि शिलाँगच्या वेकिंग मैदानावर दर वसंतात होणारे शाद सुक मिन्सिएम हे नृत्य आजही तिच्याच पुढाकाराने होते. गंमत अशी की, या चळवळीचे साहित्य छापले गेले ते थॉमस जोन्सने रुजवलेल्या रोमन लिपीतच. झेलियांगराँग नागांमध्ये जादोनांग यांनी सुरू केलेल्या धार्मिक चळवळीला ब्रिटिश सत्तेने राजकीय बंड मानले आणि १९३१ मध्ये त्यांना फाशी दिले. त्यांच्यानंतर नेतृत्व करणाऱ्या राणी गायदिनल्यू १९३२ पासून स्वातंत्र्यापर्यंत तुरुंगात होत्या. पुढे हेराका या नावाने ओळखल्या गेलेल्या या पंथाचे बॅप्टिस्ट चर्चशी दीर्घकाळ पटले नाही. लिपी, शाळा आणि छापखाना एकदा हाती आल्यावर त्यांचा उपयोग कशासाठी करायचा, हे ठरवणे मिशनच्या हातात राहिले नाही.

प्रश्न : मिशन म्हणजे ब्रिटिश सरकारचेच दुसरे रूप नव्हते काय?

उत्तर : दोघांचे हितसंबंध अनेकदा जुळत. सरकारला स्वस्तात शाळा हव्या होत्या, म्हणून खासी आणि मिझो टेकड्यांतील शिक्षण बऱ्याच अंशी मिशनकडे सोपवले गेले आणि त्यासाठी अनुदान दिले गेले. शाळेत शिकलेल्यांना कारकुनाची, शिक्षकाची, दुभाष्याची नोकरी सरकारच देत असे. एवढे मान्य करूनही ‘दुसरे रूप’ हा शब्दप्रयोग मला पटत नाही, कारण संघर्षाच्या नोंदी तितक्याच ठळक आहेत. चेरापुंजीच्या व्यापारावर पकड असलेल्या हॅरी इंग्लिस या ब्रिटिश व्यापाऱ्याच्या दडपशाहीविरुद्ध थॉमस जोन्स बोलू लागला. तोवर त्याच्या स्वतःच्या मिशननेही त्याला दूर केले होते. अखेर चेरापुंजी सोडावी लागून १८४९ मध्ये तो कलकत्त्यात मरण पावला.

याहून मोठा वाद मिझो टेकड्यांत झाला. संकटात सापडलेली माणसे सरदाराच्या आश्रयाला जात आणि मग पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घरी राबत. या बोई पद्धतीतून सुटायला ४० रुपये भरावे लागत. १९०८ मध्ये ऐझोलला आलेले वेल्श डॉक्टर पीटर फ्रेझर यांनी ही गुलामगिरीच आहे असे जाहीरपणे म्हटले. सरदारांच्या आधारावर कारभार चालवणाऱ्या अधिकाऱ्यांना ते रुचले नाही. फ्रेझर यांनी अशा बाबतीत लुडबुड करू नये अशी अट घालण्यात आली आणि शेवटी त्यांना मिझो टेकड्या सोडाव्या लागल्या. मिशनने या प्रकरणात त्यांची पाठराखण केली नाही, हेही नोंदवले पाहिजे. ब्रिटनच्या संसदेपर्यंत प्रश्न गेला आणि नंतरच्या वर्षांत ती पद्धत मोडीत निघाली.

पैशाविषयीही एक गैरसमज आहे. सर्व काही विलायतेच्या देणग्यांवर चालले असे धरले जाते. मिझो चर्चमध्ये मात्र १९१० पासून ‘बुहफाई थाम’ ही रीत आहे. स्वयंपाक करताना बाई दरवेळी मूठभर तांदूळ बाजूला काढते, चर्चच्या स्त्रिया तो गोळा करतात आणि त्याची विक्री होऊन पैसे चर्चकडे जातात. चर्चच्या उत्पन्नात या मुठीचा वाटा मोठा राहिला आहे.

प्रश्न : साक्षरतेचे श्रेय मिशनला द्यावे का? आणि ख्रिस्ती झाल्यावर अनुसूचित जमातीच्या सवलती जातात का?

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर सरधोपट ‘होय’ नाही. २०११ मध्ये मिझोरमची साक्षरता ९१ टक्क्यांहून अधिक होती, पण ज्या खासी टेकड्यांत वेल्श शाळा मिझोरमच्या पन्नास वर्षे आधी निघाल्या, त्या मेघालयाची साक्षरता ७४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे देशाच्या सरासरीच्या जवळच होती. पाया मिशनने घातला, त्यावरची इमारत राज्य, चर्च आणि समाज यांनी कशी बांधली यावर फरक पडला.

दुसऱ्या भागाचे उत्तर स्पष्ट आहे. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे, अनुसूचित जमातींच्या आदेशात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये केरळच्या एका खटल्यात असे म्हटले की, केवळ ख्रिस्ती झाल्याने जमातीचे सदस्यत्व आपोआप संपत नाही. ती व्यक्ती जमातीचा घटक म्हणून अजून जगते का आणि जमात तिला आपले मानते का, हे पुराव्यावरून पाहावे लागते.

प्रश्न : आज तेथे परदेशी मिशनरी आहेत का?

उत्तर : जुन्या अर्थाने नाहीत. वेल्श मिशनरी १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत परतले आणि नागा टेकड्यांतील अमेरिकन तर त्याच्याही आधी. चर्चचा कारभार तेव्हापासून पूर्णपणे स्थानिकांकडे आहे. आता मिझो आणि नागा चर्चच आपले प्रचारक अरुणाचल प्रदेशात व देशाच्या इतर भागांत पाठवतात, आणि काही मिझो पाळक (धर्मगुरू) चक्क वेल्समध्ये काम करायला गेले आहेत. देशात काम करताना त्यांनाही ओडिशा (१९६७), मध्य प्रदेश (१९६८, २०२१ पासून त्याच्या जागी नवा कायदा) किंवा अरुणाचल (१९७८) यांसारख्या राज्यांच्या धर्मस्वातंत्र्य कायद्यांचे बंधन असते. बळजबरीने, आमिष दाखवून किंवा फसवून धर्मांतर करण्यास हे कायदे मनाई करतात. यांपैकी ओडिशाचा १९६७ चा व मध्य प्रदेशचा १९६८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये वैध ठरवले, आणि धर्माचा प्रचार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे त्याच निकालात सांगितले.