सिंगापूर ते न्यूयॉर्क किती अंतर आहे आणि विमानाला किती वेळ लागतो?

पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेलं सर्वांत जवळचं अंतर सुमारे १५,३५० किमी. थेट विमानाला साधारण साडेअठरा ते एकोणीस तास लागतात.

ताशी ९०० किमीने भागलं तर १७ तासच येतात, पण तो हिशेब फसवा आहे. सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाच्या बाजूने जाते. विमान मात्र बऱ्याचदा पॅसिफिकवरून जातं. वाट लांबते, पण पाठीमागून जोरदार वारा मिळतो आणि इंधन वाचतं.

घड्याळातही गल्लत होते. न्यूयॉर्क उन्हाळ्यात १२, हिवाळ्यात १३ तास मागे. उन्हाळ्यात रात्री ११:३० ला निघून साडेअठरा तास उडालात, तर तिथे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे ६ वाजलेले असतात. तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात, त्यांची थेट वजाबाकी करू नका.