गोळी सुरू आहे, मग भडका का उडतो?

प्रश्न : माझी मुलगी २२ वर्षांची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. डॉक्टरांनी 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर' सांगून सर्ट्रालीन ५० मिलिग्रॅम सुरू केली. दोन महिन्यांत झोप-जेवण सुधारलं. पण परवा मैत्रिणीने दोन तास फोन उचलला नाही, तर हिने मोबाइल भिंतीवर आपटला, रात्रभर रडली आणि सकाळी काही घडलंच नाही अशी पोहे खायला बसली. गोळी बंद करू का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, झोप-जेवण सुधारलं म्हणता, म्हणजे गोळीने तिच्या वाट्याचं काम केलंय. ती नैराश्यावरची, चिंतेवरची. बॉर्डरलाइन म्हणजे भावनांचा आणि नात्यांचा तोल सारखा ढळणारा आजार. त्याच्या जोडीला नैराश्य बऱ्याचदा असतं, म्हणून देतात. रात्री पेटून सकाळी विझणारा भडका वेगळा. 'ती मला सोडून चालली' ही त्यातली भीती, आणि तिच्यावर गोळी नाही. खास बॉर्डरलाइनसाठी म्हणून अमेरिकेच्या एफडीएने आजवर एकही औषध मंजूर केलेलं नाही.

त्या पोह्यांचा तुम्हाला राग आला असणार. पण ते नाटक नव्हतं. लाट खरंच ओसरली होती.

नवा होतो तेव्हा मीही प्रत्येक भांडणामागे एक औषध वाढवायचो. एका मुलाची चिठ्ठी पाच औषधांवर गेली. भांडणं तेवढीच राहिली, वजन नऊ किलो वाढलं.

तरी गोळी परस्पर थांबवू नका. एकदम सोडली की चक्कर, मळमळ, डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं, चिडचिड वाढते. डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने उतरवतात. पंचविशीच्या आतल्यांना सुरुवातीला किंवा डोस बदलताना मरणाचे विचार वाढू शकतात. तेव्हा पाकीट तुमच्या कपाटात, रोजची गोळी तिच्या हातात.

मुख्य उपचार बोलण्याचा, शिकण्याचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांची डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे भावना सांभाळायला शिकवणारी उपचारपद्धती) त्यासाठीच आहे. बाईंनी स्वतः तरुणपणी असेच दिवस काढले होते, हे त्यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितलं. त्यातली एक युक्ती : भडका चढताना श्वास रोखून गार पाण्याच्या घमेल्यात अर्धा मिनिट तोंड बुडवायचं (हृदयाचा त्रास किंवा खाण्याचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारून). अंगाची धडधड उतरते, मग बोलता येतं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारा : ही गोळी नेमकी कशासाठी, किती महिने, आणि डीबीटी येणारं जवळ कोण आहे? मध्येच ती मरणाबद्दल बोलली तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही लागतो, मोफत आहे. जिवाला धोका वाटला तर तिला एकटी न सोडता सरळ दवाखाना गाठा.