कॉर्नर आपला नव्हता

अगं,

‘मी खोटं बोलले नाही, मी फक्त गप्प बसले’ हे वाक्य तुझ्या मेलमध्ये तीनदा आलंय. एकदाच आलं असतं तर मी पुढे वाचत गेले असते. तीनदा लिहिलंस, म्हणजे ते तुला स्वतःलाच पटलेलं नाही. म्हणून धीर देत बसत नाही. त्यासाठी तुझ्या घरचे आहेत, रूममेट आहे, आणि त्या रात्री तुला खांद्यावर घेऊन नाचलेली अख्खी टीम आहे.

काय घडलं ते तू लिहिलंस तसंच पुन्हा मांडते, म्हणजे नंतर आपल्यात ‘तसं नव्हतं हं ताई’ व्हायला नको. शून्य-शून्य बरोबरी. अमेरिकेतल्या कॉलेज सॉकरमध्ये घड्याळ उलटं चालतं, पंचेचाळीस मिनिटांवरून शून्याकडे. शून्य झालं की भोंगा, रेफ्रीच्या खिशात जादा मिनिटं नसतात. पन्नासेक सेकंद उरलेले. तू उजवीकडून आत शिरलीस, त्यांच्या लेफ्ट बॅकने, डावीकडच्या बचावपटूने, पाय आडवा घातला, आणि चेंडू शेवटी तुझ्या नडगीला लागून रेषेबाहेर गेला. म्हणजे गोलकिक त्यांची. लाइनवरच्या पंचाने झेंडा दाखवला कॉर्नरकडे, म्हणजे त्यांच्या गोलजवळच्या कोपऱ्यातून किक तुमची. ती लेफ्ट बॅक ओरडली नाही, हात वर केले नाहीत, तुझ्याकडे नुसती बघत राहिली. आणि तू खाली वाकून मोजे वर ओढलेस. कॉर्नर, हेडर, गोल.

मोजे ओढल्याचं तू लिहिलंस, त्याबद्दल तुझं मला कौतुक वाटलं. नसतं लिहिलंस तर कुणाला कळलं असतं? तेवढ्यावरूनच मी हे उत्तर लिहायला बसले. आता माझं म्हणणं ऐक. या सगळ्या पत्रात एकच आहे. जे आपण मिळवलं नाही, ते घ्यायचं नाही.

तू म्हणशील, घेतलं कुठे, रेफ्रीने दिलं. हेच फ्रान्सच्या थिएरी आंरीने म्हटलं होतं. 18 नोव्हेंबर 2009, पॅरिस, फ्रान्स विरुद्ध आयर्लंड, वर्ल्ड कपला कोण जाणार याचा सामना. आंरीने चेंडू हाताने अडवला, आपल्याच संघातल्या गालासला दिला, गोल झाला, आयर्लंड बाहेर. सामना संपल्यावर त्याने हात लागल्याचं कबूल केलं, आणि वर म्हणाला की रेफ्री मी नाही. दोन दिवसांनी तो म्हणाला, सामना पुन्हा खेळवणंच सगळ्यांत न्याय्य ठरेल. फिफाने आधीच नकार दिला होता. दोन दिवसांनंतरच्या प्रामाणिकपणाचं आयरिश खेळाडूंनी काय करायचं?

नियम तुलाही पाठ आहे. खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत रेफ्री आपला निर्णय फिरवू शकतो. कोपऱ्यात चेंडू ठेवला, लाथ बसली, की संपलं. म्हणजे तुझ्या हातात तेवढेच सेकंद होते. त्या सेकंदांत तुला मोजे दिसले. आता तू मला विचारतेस की पुढे काय करू, कॉन्फरन्सला, म्हणजे सामने भरवणाऱ्या कॉलेजांच्या गटाला, पत्र लिहू का. नको लिहूस. निकाल बदलणार नाही, आणि कागदावरचा पश्चात्ताप मला फार स्वस्त वाटतो.

लाझिओ या इटालियन क्लबच्या क्लोजाला त्याच सेकंदांत तोंड उघडता आलं. सप्टेंबर 2012, नापोली विरुद्ध लाझिओ, सामना नुकताच सुरू झालेला. त्याच्या हाताला लागून चेंडू जाळ्यात गेला, रेफ्रीने गोल दिला. क्लोजाने जाऊन सांगितलं, हात लागला. गोल रद्द झाला आणि लाझिओ 3-0 हरली. हरली, हे मुद्दाम लिहितेय. खरं बोललं की देव पुढच्या मिनिटाला गोल देतो असलं काही मी तुला सांगणार नाही. ते शाळेतल्या गोष्टींत होतं.

बोलून निर्णय बदलेलच असंही नाही. 1997 साली आर्सेनलच्या हायबरी मैदानावर लिव्हरपूलचा रॉबी फाउलर त्यांच्या गोलकीपरला, सीमनला, चुकवताना पडला, रेफ्रीने पेनल्टी दिली. फाउलर हात हलवत सांगत होता, नाही, मला लागलेलं नाही. रेफ्रीने ऐकलं नाही. फाउलरची पेनल्टी सीमनने अडवली, परत आलेल्या चेंडूवर दुसऱ्याने गोल केला. तो गोल लिव्हरपूलला मिळाला म्हणून मी फाउलरला दोष देत नाही. त्याने जे सांगायचं ते सांगितलं होतं, पुढचं ओझं रेफ्रीचं. तुझ्यावर सांगायची जबाबदारी आहे. निर्णय द्यायची नाही.

आता तुझा खरा प्रश्न. तू लिहिलंस, ‘साधी टीम असती तर बोलले असते ताई, पण हे लोक होते.’ हे लोक. मला माहितीये हे लोक म्हणजे काय असतं. हंगामातला तो एक सामना, ज्याची तारीख ऑगस्टपासून लॉकर रूमच्या फळ्यावर लिहिलेली असते. दोन्हीकडचे विद्यार्थी रंग फासून येतात. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा विद्यापीठाच्या सामन्यांना प्रेक्षक मैदानात टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकन पोळ्या, भिरकावतात, शेजारची प्रतिस्पर्धी कॅल पॉली समोर असली की जास्तच. मला ते सगळं आवडतं. प्रतिस्पर्ध्याला मिठ्या मारा असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. खांद्याला खांदा भिडव, पन्नास-पन्नासच्या चेंडूवर पाय मागे घेऊ नकोस, पुढे असाल तर शेवटची दोन मिनिटं चेंडू कोपऱ्यात नेऊन पाठ लावून उभी राहा. तो तुझा हक्क आहे, त्यांनी येऊन काढून घ्यावा.

पण म्हणूनच, अगं, नेमकं म्हणूनच, ‘हे लोक’ असतात तेव्हा तर न मिळवलेलं अजिबात घ्यायचं नाही! साध्या टीमविरुद्धचा विजय तक्त्यात जातो आणि विसरला जातो. यांच्याविरुद्धचा वर्षभर मिरवायचा असतो. कुणासमोर? त्यांच्यासमोरच ना? मग तो त्यांना मान्य व्हायला हवा. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या मुलींनी 1982 ते 2024 या काळात 22 वेळा एनसीएएचं, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेचं, विजेतेपद घेतलं. त्यांना हरवणारी टीम आयुष्यभर ते सांगत फिरते, कारण नॉर्थ कॅरोलिनालाही ते नाकारता येत नाही. तुमच्या गावात त्या रात्री कितीही फटाके उडाले तरी समोरच्या कॉलेजात एक मुलगी आहे, जिला माहीत आहे की तो कॉर्नर नव्हता. ज्यांना हरवायचं होतं त्यांनाच तुम्ही हरवलेलं नाही.

आणि बरोबरीत काय वाईट होतं? 2022 पासून नियमित हंगामात जादा वेळच काढून टाकलाय. नव्वद मिनिटांत जे असेल ते. बरोबरी तुम्ही मिळवलेली होती, घाम गाळून. ती देऊन तुम्ही हे घेतलंत.

माझ्या वेळी गोल्डन गोल होता. जादा वेळेत पहिला गोल पडला की सामना तिथेच खलास. कॉन्फरन्सची सेमीफायनल, समोर आमचे ‘हे लोक’. त्यांच्या फॉरवर्डला आधीच एक पिवळं कार्ड मिळालेलं होतं. दुसऱ्या हाफमध्ये ती माझ्या अंगावर आली, ओल्या गवतावर माझा पाय सटकला आणि मी पडले. तिचा स्पर्शही झालेला नव्हता. रेफ्रीने खिशात हात घातला. दुसरं पिवळं म्हणजे लाल, त्या दहाच जणी उरणार. मी उठले आणि सांगितलं, तिने काही केलेलं नाही, मी घसरले. रेफ्रीने दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं. कार्ड खिशात परत गेलं. जादा वेळेत त्याच मुलीने माझ्याच बाजूने आत शिरून गोल केला.

आमच्या गोलकीपरचं चौथं वर्ष होतं. कॉलेजात चारच हंगाम मिळतात, तिचा शेवटचा त्या क्षणी संपला. ती गुडघ्यांवर बसून ग्लोव्हजचे पट्टे सोडवत होती आणि मी जवळ गेल्यावर म्हणाली, ‘तुला कोणी विचारलं होतं?’ त्यानंतर ती माझ्याशी कधीच बोलली नाही. मी फोन केले, लग्नाचं निमंत्रण पाठवलं. काही नाही.

लोकांनी मला तेव्हाही सुनावलं, आजही जुन्या मैत्रिणी जमल्या की कुणीतरी काढतंच, की स्वतःच्या चांगुलपणापायी हिने सीनियर्सचा हंगाम घालवला. ते मला मान्य नाही. हंगाम घालवला तो एका चांगल्या गोलने, आणि तो गोल आम्हाला अडवता आला नाही. दहा जणींविरुद्ध जिंकलो असतो तर तो विजय कशाचा असता? माझ्या घसरण्याचा? त्या फॉरवर्डचं मी काही भलं केलं नाही. तिने माझे आभारही मानले नाहीत, पुढच्या वर्षी तितक्याच जोरात माझ्या घोट्यावर बसली, आणि मीही तिला सोडलं नाही. दयाबिया काही नव्हतं त्यात. ते कार्ड आम्ही मिळवलेलं नव्हतं. एवढंच. कितीही वेळा विचारा, एवढंच उत्तर आहे माझ्याकडे.

सल एका गोष्टीचा आहे, आणि तुला इतकं लांबलचक लिहितेय ते त्याच्यासाठीच. माझ्या टीमला माझं हे वागणं त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. गोलकीपरला वाटलं, हिने आमच्या पाठीमागे ठरवलं. आधी माहीत असतं तर ती चिडली असती, भांडली असती, पण आपल्याला फसवलं असं तिला वाटलं नसतं.

2019 मध्ये लीड्स आणि ॲस्टन व्हिला या इंग्लिश क्लबांच्या सामन्यात असंच झालं. व्हिलाचा खेळाडू जायबंदी होऊन पडलेला, समोरचे चेंडू बाहेर घालवतील या समजुतीने बाकीचे थांबले, आणि लीड्सने तेवढ्यात गोल केला. लीड्सचा कोच बिएल्साने बाजूला उभं राहून आपल्या पोरांना बजावलं, त्यांना गोल करू द्या. सगळे बाजूला झाले. पण त्याचाच एक बचावपटू, यान्सन, आडवा धावला. त्यालाही मी समजू शकते. ज्याचं मन तयार नाही त्याला ऐनवेळी असं काही झेपत नाही.

तुझ्या कोचचं वाक्य तू मोठ्या विश्वासाने कळवलंस, की रेफ्रीचं काम रेफ्रीला करू दे. सामन्याआधी लाऊडस्पीकरवर खिलाडूवृत्तीचं निवेदन वाचतात ना, तुझे कोच तेव्हा कुठे बघत असतात? सामन्यानंतर रांगेत हात मिळवणं, निवेदनं, बक्षिसं, याने माझं समाधान होत नाही. 2009 मध्ये एका कॉलेज सामन्यात एका मुलीने समोरच्या मुलीची वेणी धरून तिला खाली पाडलं. देशभर ती फीत फिरली, तिच्या विद्यापीठाने तिला निलंबित केलं, आणि जो तो म्हणाला, आमच्या टीममध्ये असं होणार नाही. होणार नाहीच. वेणी ओढायची नाही हे कुणाला शिकवावं लागतं? शिकवावं लागतं ते हे, जे कुणाला दिसत नाही. चेंडू नडगीला लागला होता हे फक्त दोघींना माहीत असतं, तेव्हाचं.

मी फार रागावून लिहितेय का? रागावले असते तर लिहिलंच नसतं. तुझ्या जागी दुसरी एखादी त्या गोलचा व्हिडिओ अजून फिरवत बसली असती.

त्या लेफ्ट बॅकला मेसेज करू का, असं विचारलंस. आत्ता नको. आत्ता केलास तर तुझं मन हलकं होईल आणि तिच्या हातात काय पडेल? तिच्याशी बोलायचा हक्कही आधी मिळवावा लागेल. पहिल्यांदा आपल्या घरात बोल. कोचला भेट, एकटी जा, कॅप्टनला नंतर. ‘सॉरी’ने सुरुवात करू नकोस. सरळ सांग, तो कॉर्नर आपला नव्हता, मला माहीत होतं, मी गप्प बसले, आणि पुढच्या वेळी मी बोलणार आहे. पुढच्या वेळी म्हणजे कॉन्फरन्स स्पर्धेतसुद्धा, सीनियर्सचा शेवटचा सामना असला तरीसुद्धा. हे त्यांना आज कळू दे. मग ज्यांना भांडायचं आहे त्या भांडतील. भांडू देत. चौथ्या वर्षाच्या मुली जास्त चिडतील, त्यांच्यासमोर आवाज चढवू नकोस, त्यांचं खरंच पणाला लागलेलं असतं.

कोच तुला बाकावर बसवतील अशी भीती वाटते असं लिहिलंस. बसवतीलही. तुझी जागा वेगाने आणि डाव्या पायाने मिळवलेली आहे, ती तशीच परत मिळव. तू तोंड बंद ठेवतेस म्हणून जर ती जागा तुझी असेल, तर तीही मिळवलेली नाही.

पुढच्या सामन्याची तारीख कळव. जमलं तर मी येईन, आणि उजव्या बाजूच्या रेषेजवळ बसेन. गुरुवारी सराव आहे ना? कोचला बुधवारीच गाठ.

तुझी
ताई