फुटकी बरणी, कपाचे कान आणि पहारेकरी मावळे
(वाचकांचे बागप्रश्न)

प्रश्न : ताई, सासूबाईंची लोणच्याची चिनी मातीची बरणी फुटली, पण टाकवत नाही. फुटक्या कपबश्याही साठवून ठेवल्या आहेत. गच्चीवरच्या बागेसाठी त्यांचं काही करता येईल का? गेल्या वर्षी हौसेने मातीच्या कुंड्या ऑइल पेंटने रंगवल्या होत्या. पावसाळ्यात सगळ्या रंगाचे पापुद्रे निघाले. – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी कुंड्यांचं बोलू, कारण हा प्रश्न दर श्रावणात येतो. तुमचा रंग वाईट नव्हता. मातीच्या कुंडीला पाझर असतो. आतल्या ओल्या मातीतलं पाणी भिंतीतून बाहेर यायला बघतं आणि वाटेत रंगाचा थर आला की त्याला आतून ढकलतं. पांढरे डाग दिसले असतील तर ते पाण्याबरोबर आलेले क्षार. आता निघतोय तेवढा रंग तारेच्या ब्रशने खरवडून काढा आणि नुसता गेरू लावा. तो पावसात धुपतो, हे मान्य. दसऱ्याच्या साफसफाईत पुन्हा एक हात फिरवायचा. रंगीबेरंगीच हवी असेल तर रंगवलेल्या कुंडीत थेट माती भरू नका. रोप प्लॅस्टिकच्या कुंडीत लावून ती आत ठेवा.

आता बरणी. मला तर तुमचा हेवा वाटतो! तुकडे करायचे ते गोणपाटात गुंडाळून, वरून हातोडी मारून, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. कडा सहाणेवर नको, जुन्या फरशीच्या तुकड्यावर घासा. बरणीच्या खांद्यापाशी तपकिरी रंग संपून पांढरा सुरू होतो ना, तिथले तुकडे वेगळे काढा. ते एका ओळीत लावले की कुंडीभोवती आपोआप काठ तयार होतो, आणि ज्याने ती बरणी पाहिली आहे त्याला तो लांबूनही ओळखू येतो. कपांचे कान फोडू नका. अख्खा कान कुंडीच्या अंगावर उभा चिकटवला की कारल्याचे तणावे त्यालाच धरतात. कपाला धरून वर चढणारं कारलं बघायला पाहुणे थांबतात.

चिकटवायला फेविकॉल चालणार नाही, पहिल्याच पावसात सुटेल. टाइल चिकटवायचं अ‍ॅडेसिव्ह आणा, ते भिजवून तुकडे बसवा आणि एक दिवस हलवू नका. मग फटींत पांढरं सिमेंट भरा. ते ओलसर असतानाच फडक्याने तुकडे पुसून घ्या, नाहीतर वाळलेलं सिमेंट नखाने खरवडत बसाल. पुढे तीन-चार दिवस पाण्याचा हलका फवारा मारायचा. हातमोजे घाला, सिमेंटने हात चरचरतात. सगळी कुंडी मढवू नका, अर्धी उघडी राहू द्या. आणि तळाचं भोक बुजलं तर मी जबाबदार नाही.

अख्खे कप कुठे टांगणार असाल तर तळाला भोक पाडा किंवा पालथे टांगा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून उडेपर्यंतची तयारी आठ-दहा दिवसांत होते, म्हणून काहीही साचत असेल तर आठवड्याला ओता.

प्रश्न : दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे दरवर्षी खोक्यात जातात. मुलगी म्हणते, कुंड्यांत ठेवू या. टिकतील का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलीला माझ्याकडून शाबासकी! पण आधी मावळा उलटा करा. तळाला रंग नसतो, तिथे ओलं बोट घासा. बोटाला चिखल लागला तर कच्ची माती. पांढरा आणि पिठूळ असेल तर प्लॅस्टर. हे दोघेही पावसात विरघळतील किंवा त्यांची नाकं जातील, त्यांना व्हरांड्यात, पागोळ्या पोचणार नाहीत अशा कुंडीत ठेवा. भट्टीत भाजलेला असेल तो उघड्यावर चालेल. पायाखाली चपटा दगड द्या, म्हणजे पाणी घालताना आडवा होणार नाही.

खरी गंमत जागेत आहे. ब्राह्मीच्या बुटक्या पसाऱ्यात मावळा उभा केला की त्याचं रान होतं. कढीपत्त्याच्या बुंध्याशी भालावाला ठेवा, पानं तोडणाऱ्याला एकदम दिसेल असा. गवळण तुळशीपासून थोडी दूर, येताना वाटावी अशी. एका कुंडीत एकच, तोही पानाआड. ओळीने दहा उभे केले तर दुकानातली फळी वाटते. महाराजांना मात्र कुंडीत बसवू नका, त्यांची जागा घरात. आणि किल्ल्याची माती फेकू नका. अळीव उगवलेले असतील तर उपटून कोशिंबिरीत घाला, माती शेणखतात मिसळून परत कुंडीत.

प्रश्न : मी नारळाच्या करवंट्या, जुनी किटली, सायकलचं चाक असं बागेत मांडते. यजमान म्हणतात, भंगारवाल्याला बोलावू का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : त्यांना चंडीगडचं रॉक गार्डन दाखवा. रस्ते निरीक्षकाची सरकारी नोकरी करत असलेल्या नेकचंद यांनी १९५७ च्या सुमारास कुणालाही न सांगता, फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि मोडके दिवे-बल्ब वापरून माणसं, प्राणी उभे करायला सुरुवात केली. सरकारी जागेवर, तेही विनापरवाना. १९७० च्या दशकात ते उघडकीला आलं, पाडायची चर्चाही झाली, पण शेवटी १९७६ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं.

पण यजमानांचंही थोडं ऐका. एका जागी उभं राहिल्यावर एकच वस्तू दिसते की सगळ्या एकदम, ते त्यांना विचारा. सगळ्या एकदम दिसत असतील तर निम्म्या काढून ठेवा आणि पुढच्या मोसमात बदला. कोकणच्या पावसात चाकाला रेड ऑक्साइडचा हात हवाच, नाहीतर गंजाचे ओघळ फरशीवर उतरतील आणि मग ते भंगारवाल्याला खरंच बोलावतील. करवंट्या आतून घासून, तेल लावून घ्या. भोकं तापलेल्या खिळ्याने पाडा. किटलीत पोर्चुलाका, म्हणजे चिनी गुलाब लावा.