कथेची सुरुवात आणि शेवट ठरलेला असताना मधला भाग कसा रचावा?

आपली नायिका वडिलोपार्जित घर विकण्यासाठी गावी येते आणि शेवटी खरेदीखतावर सही करण्यास नकार देते, हे दोन्ही प्रसंग पक्के आहेत. मधे मात्र आठवणी आणि शेजाऱ्यांच्या भेटीच साचत जातात, अशी आपली अडचण आहे. माझ्या मते मधला भाग रेंगाळतो तो घटना कमी पडल्यामुळे नव्हे, तर प्रत्येक घटनेनंतरही पात्राला पूर्वीइतक्याच वाटा मोकळ्या राहतात म्हणून.

यासाठी विजय तेंडुलकरांच्या, १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाचा दुसरा अंक सावकाश वाचावा. खेड्यात प्रयोगासाठी आलेली हौशी मंडळी वेळ घालवण्याकरिता लुटुपुटीचा खटला उभा करतात आणि लीला बेणारेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवतात, इथवर सारे गमतीचे असते. दुसऱ्या अंकात नवे पात्र येत नाही, अपघात होत नाही. साक्षी तेवढ्या होत राहतात. प्राध्यापक दामल्यांच्या घरी बेणारे दिसल्याचे रोकडे बोलून जातो, आणि गावातला सामंत तर एका कादंबरीच्या आधाराने रचलेली साक्ष देतो, तरी तीच वर्मी लागते. ‘हा खेळ आहे’ असे म्हणून बाजूला होण्याची बेणारेची सोय अशी साक्षीगणिक कमी होत जाते. अंकाच्या शेवटी ती निघू पाहते तेव्हा दाराला बाहेरून कडी लागलेली असते. त्या कडीची खोड पहिल्या अंकाच्या आरंभीच दाखवलेली असल्यामुळे ती लेखकाने ऐनवेळी काढलेली पळवाट वाटत नाही. आरोपीच्या वकिलाचे काम करणारे दामले आलेलेच नाहीत, हेही आपल्याला आधीच कळलेले असते. मधल्या भागाची बरीच सामग्री सुरुवातीतच पेरावी लागते ती अशी.

तेव्हा आपला प्रत्येक प्रसंग लिहून झाल्यावर, यापुढे नायिकेला काय करता येणार नाही, हे एका वाक्यात लिहून पाहावे. ते वाक्य सुचले नाही, तर प्रसंग कितीही सुरेख असला तरी तो काढावा. (बालपणीच्या आठवणींबाबत मी याहून कठोर आहे, त्या बहुधा लेखकालाच हव्या असतात.)

समजा, तिने गिऱ्हाइकाकडून इसार घेतला. आता नकार महाग झाला. त्याच पैशातून भावाचे जुने देणे फिटले, तर इसार परत करणेही तिच्या हाती राहिले नाही. यानंतर शेजारीण घराच्या जुन्या गोष्टी सांगत बसली तरी हरकत नाही, कारण त्या ऐकताना वाचक मनात खर्च झालेल्या पैशांचा हिशेब करीत असेल. इसाराचा प्रसंग मात्र कथेच्या पहिल्या तृतीयांशातच यावा. तो लांबवला, तर त्याआधीची पाने पुन्हा भेटीगाठींनीच भरावी लागतील.